पुळणीवर आलेले जहाज निघत का नाही

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका किनारी गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी एक छोटे मालवाहू जहाज नांगर तुटून गावाच्या पुळणीवर येऊन बसले. खलाशांना तटरक्षक दलाने उतरवून नेले, काही महिने एक रखवालदार राहिला, मग तोही दिसेनासा झाला. आता जहाज एका कुशीवर कलले आहे, रात्री-अपरात्री माणसे त्याचे पत्रे कापून नेतात, रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची, जाळी त्याला अडकून फाटतात, आणि तहसील कचेरी, बंदर खाते किंवा पोलीस यांपैकी कोणाकडेही गेले तरी ‘हे आमच्याकडे येत नाही’ एवढेच ऐकायला मिळते. हे जहाज आता कोणाचे, ते काढायचे कोणी, आणि ग्रामपंचायतीने लिलाव पुकारून ते भंगारात विकले तर बिघडले कुठे, असे तीन प्रश्न विचारलेले आहेत.

सागरी सर्वेक्षक म्हणून मी तीस वर्षे काम केले आणि त्यातला बराचसा काळ अशाच जहाजांच्या पोटात, एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात हातोडी घेऊन गेला. त्या अनुभवावरून प्रथम एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचे सगळे समजायला सोपे जाईल. किनाऱ्याला लागलेले जहाज पहिल्या एक-दोन उधाणांत निघाले तर निघते. तेवढ्यात निघाले नाही, तर ते काढणे हे खलाशांचे आणि टगांचे (जहाजे ओढणाऱ्या बोटींचे) काम राहत नाही, ते वकिलांचे आणि निविदांचे काम होऊन बसते, आणि मग वर्षे कशी जातात ते कोणालाच कळत नाही.

उधाणाचा हिशेब किनाऱ्यावरच्या माणसाला शिकवायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत वर चढते, अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी, म्हणजे सर्वांत कमी भरती, असते, आणि मुंबईच्या जवळपास पूर्ण भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट केली की पुरते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मात्र जहाजाच्या बाबतीत या हिशेबाला एक वाईट बाजू आहे. जहाजे बहुधा वादळात किनाऱ्याला लागतात, आणि वादळात वाऱ्याने लोटलेले पाणी नेहमीच्या भरतीच्याही वर चढलेले असते. त्या वाढीव पाण्यावर जहाज पुळणीच्या वरच्या अंगाला जाऊन बसते, वादळ ओसरते, पाणी आपल्या जागी परत जाते, आणि नंतर कितीही उधाणे आली तरी त्या रात्रीइतके पाणी पुन्हा तिथे पोचत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे तेलवाहू जहाज रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या बंधाऱ्याला येऊन लागले, तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. उधाणाचे दिवस आणि वर वादळाचे पाणी असा तो दुहेरी योग होता. ते जहाज पुढची काही वर्षे तिथेच का उभे राहिले, याचे निम्मे उत्तर या तारखेतच आहे.

याच्या उलट उदाहरणे जुहूची आहेत. जून २०११ मध्ये ‘विस्डम’ नावाचे जहाज भंगारात काढण्यासाठी गुजरातेतल्या अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्याकडे ओढून नेले जात असताना त्याची तार तुटली आणि ते जुहूच्या वाळूत आले. वाटेत ते वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आदळेल की काय, अशी भीती होती. जहाजावर माणूस नव्हता, पण त्याच्यामागे पैसा लावणारा होता, कारण अलंगला पोचल्याखेरीज त्या लोखंडाचे मोल हाती येणार नव्हते. सुमारे तीन आठवड्यांत, पुढच्या अमावास्येच्या उधाणाला ते ओढून काढले गेले. ते निघून महिना होतो न होतो तोच, ३१ जुलैला ‘पवित’ हे तेलवाहू जहाज जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर आले. त्याच्या खलाशांनी ते ओमानजवळच्या समुद्रात जूनच्या अखेरीस सोडून दिले होते, आणि महिनाभर एकही माणूस नसलेले ते जहाज अरबी समुद्र ओलांडून थेट मुंबईत पोचले. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याला तीन वर्षेही झालेली नव्हती, त्यामुळे सागरी गस्तीवर जी टीका व्हायची ती झाली. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे इतकेच, की ते आले अमावास्येच्या उधाणाला आणि निघाले नारळी पौर्णिमेच्या उधाणाला. मध्ये जेमतेम पंधरा दिवस गेले.

हे पंधरा दिवस इतके मोलाचे का, हे आकड्यांवरून स्पष्ट होईल. पंच्याहत्तर मीटर लांब आणि बारा मीटर रुंद असे एक साधे मालवाहू जहाज घेऊ. असे जहाज पाण्यात एक सेंटीमीटर आणखी खाली जायला साधारण साडेसात टन वजन लागते. ते तरंगताना साडेतीन मीटर पाण्यात बुडालेले असेल, आणि वाळूवर बसल्यावर भरतीलाही त्याच्या अंगाला दोन मीटर नव्वद सेंटीमीटरच पाणी लागत असेल, तर साठ सेंटीमीटरचा भार पाण्याने उचललेला नाही. तो वाळूवर टेकला आहे. साठ गुणिले साडेसात म्हणजे साडेचारशे टन. वाळूवरून ओढताना घर्षण त्या भाराच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास धरले, तर एकशे ऐंशी टनांची ओढ हवी, म्हणजे पन्नास टन ताकदीचे चार टग एकाच वेळी. पावसाळी समुद्रात, उथळ पाण्यात, चार टग एका जहाजाला बांधणे हे कागदावर लिहायला सोपे आहे. पण उधाणाने पाणी तीसच सेंटीमीटर जास्त चढले, तर टेकलेला भार निम्मा होतो आणि दोन टगांत काम भागते. शिवाय पोटातले शंभर टन पाणी उपसून टाकता आले तर आणखी सोपे होते. म्हणून जाणता माणूस पहिल्या दिवशी ओढाओढ करत बसत नाही. तो नांगर समुद्राच्या बाजूला टाकून जहाज आणखी वर सरकणार नाही एवढे आधी पाहतो, सगळ्या टाक्या मोजतो, आणि पंचांग उघडतो.

पंधरवडा हुकला की वाळू आपले काम सुरू करते. लाट जहाजाच्या दोन्ही टोकांना वळसा घालते तिथे वाळू उकरली जाते, नाळ (पुढचे टोक) आणि मागचा भाग खाली बसू लागतात, आणि मधला भाग टेकलेलाच राहिल्यामुळे तळाच्या पत्र्याला भेगा पडतात. भेगांतून पाणी शिरते, पाण्याबरोबर वाळू शिरते. पाणी ओहोटीला निघून जाते, वाळू निघत नाही. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि पाच मीटर खोल असा मालाचा एक खण वाळूने भरला, तर ओल्या वाळूचे वजन एकोणीसशे टनांच्या आसपास होते, आणि हे वजन कधी कधी रिकाम्या जहाजाच्या स्वतःच्या वजनापेक्षाही अधिक असते. त्यानंतर त्याला ओढून काढण्याच्या गोष्टी करण्यात अर्थ नसतो. ते जागेवरच कापावे लागते. मी असे एक जहाज पाहिले आहे, ज्याच्या खणाच्या झाकणातून खाली पाहिले तर आत एक स्वतंत्र पुळण तयार झाली होती आणि तिच्यावर कुर्ल्यांची बिळे होती.

गोव्यातल्या ‘रिव्हर प्रिन्सेस’ची कथा या बाबतीत सर्वांना ठाऊक असायला हवी. खनिज वाहणारे सुमारे दोनशे चाळीस मीटर लांबीचे हे जहाज ६ जून २००० रोजी कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्याला लागले, आणि २०१२ साली त्याचे शेवटचे तुकडे निघाले. मधल्या बारा वर्षांत मालक आणि सरकार यांच्यात वाद झाले, २००१ मध्ये पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी गोव्यात वेगळा कायदा करावा लागला, जहाज सरकारने ताब्यात घेतले, कंत्राटे निघाली, रखडली आणि पुन्हा निघाली. तोवर जहाज वाळूत खोल गेले होते आणि लगतच्या किनाऱ्याची धूप हा वेगळा वादाचा विषय झाला होता. तंत्राच्या दृष्टीने पहिल्या वर्षी जे काम अवघड होते, ते दहाव्या वर्षी कितीतरी पटींनी अवघड झाले, आणि तेही समुद्र रोज मोकळ्या हाताने आपले काम करत असताना.

आता मालकाचा प्रश्न. कायद्याने पाहिले तर उत्तर सरळ आहे: जहाज वाळूवर आले, खलाशी उतरले, रखवालदार पळाला, तरी मालकी बदलत नाही. जो मालक कालपर्यंत होता तोच आजही आहे, आणि ते काढण्याची जबाबदारीही त्याचीच आहे. अडचण ही की या वर्गातल्या बहुतेक जुन्या जहाजांचा मालक म्हणजे एका परक्या देशात नोंदवलेली, एकाच जहाजाची धनी असलेली कंपनी असते. झेंडा एका देशाचा, कंपनी दुसऱ्या देशाची, चालवणारा तिसऱ्या देशातला आणि खलाशी चौथ्या. जहाज बुडाले किंवा रुतले की त्या कंपनीकडे दुसरी मालमत्ता राहत नाही, आणि तिच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस तशीच परत येते. आमच्या धंद्यात त्या परत आलेल्या पाकिटांची फाईल हा प्रत्येक प्रकरणाचा सर्वांत जाड भाग असतो.

नेमकी ही पळवाट बुजवण्यासाठी २००७ मध्ये नैरोबी येथे जहाजांचे अवशेष हटवण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो १४ एप्रिल २०१५ पासून अमलात आला, आणि भारत त्याचा सदस्य आहे. त्यानुसार तीनशे टन किंवा त्याहून अधिक नोंदणीकृत क्षमतेच्या जहाजाला अवशेष काढण्याच्या खर्चाचा विमा असल्याचे प्रमाणपत्र जवळ बाळगावे लागते, आणि मालक हरवला तरी थेट विमा देणाऱ्या संस्थेकडे दावा करता येतो. आपल्या गावच्या जहाजाबद्दल पहिला उपयोगी प्रश्न म्हणूनच हा आहे, की ते तीनशे टनांच्या वर होते का आणि त्याचा विमा त्या दिवशी चालू होता का. तीनशेच्या खालचे बार्ज (सपाट तळाच्या नौका), जेट्टीच्या कामांवरचे तराफे, विमा संपलेली आणि भंगाराच्या वाटेवर असलेली जहाजे या जाळ्यातून निसटतात. बार्जला पुष्कळदा स्वतःचे इंजिनही नसते, त्यामुळे नांगर तुटला की त्याचे सगळे दैव वाऱ्याच्या हाती जाते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हा बार्ज असाच वाहत पालघरच्या किनाऱ्याला लागला आणि त्यावरच्या १३७ जणांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले.

‘आमच्याकडे येत नाही’ या उत्तराकडे मी थोड्या सहानुभूतीने पाहतो, कारण अधिकार खरोखरच वाटलेले आहेत. नौवहन महासंचालनालय जहाज आणि खलाशी यांच्याकडे पाहते, महाराष्ट्र सागरी मंडळ आपल्या लहान बंदरांच्या हद्दीपुरते पाहते, तेलगळतीला समुद्रात तटरक्षक दल आणि किनाऱ्यावर जिल्हा प्रशासन व प्रदूषण नियंत्रण मंडळ, मालाकडे सीमाशुल्क विभाग, चोरीकडे पोलीस. पण या सगळ्यांत एक धागा असा आहे, जो गावाने घट्ट धरावा. बंदराच्या अधिसूचित हद्दीत जहाज रुतले असेल आणि ते वाहतुकीला अडथळा ठरत असेल, तर बंदराच्या अधिकाऱ्याला ते हटवण्याचा, विकण्याचा आणि खर्च त्या विक्रीतून वसूल करण्याचा अधिकार फार पूर्वीपासून कायद्यात आहे. १९०८ च्या बंदर कायद्यात तो होता आणि २०२५ च्या नव्या कायद्याने १९०८ च्या कायद्याची जागा घेतली असली तरी या विचाराला बाधा आलेली नाही. महाराष्ट्रात अठ्ठेचाळीस लहान बंदरे आहेत, आणि कोकणातल्या कितीतरी खाड्यांची मुखे त्यांच्या हद्दीत येतात. म्हणून तहसीलदाराला निवेदन देण्याआधी प्रादेशिक बंदर अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून एकच गोष्ट विचारावी: ही जागा अधिसूचित बंदर हद्दीच्या आत आहे की बाहेर. उत्तर ‘आत’ असे आले, तर अर्धे काम झाले.

हद्दीच्या बाहेर असेल, तर रस्ता लांबचा आहे. व्यापारी नौवहनाच्या १९५८ च्या कायद्याने अवशेषांसाठी सरकारनियुक्त अधिकारी नेमण्याची सोय केली होती, मूळ मालकाला दावा करायला मुदत दिली होती, आणि त्यानंतर विक्रीची तरतूद होती. आता २०२५ चा नवा कायदा त्या जागी आला आहे. शिवाय जहाजावर बहुधा आधीच मुंबई उच्च न्यायालयात दावे लागलेले असतात. जहाज अटक करणे ही आमच्या क्षेत्रातली नित्याची बाब आहे. न्यायालयाचा आदेश निघतो, शेरीफच्या मार्फत तो जहाजावर बजावला जातो, आणि त्यानंतर न्यायालयाच्या परवानगीवाचून त्यातला एक खिळाही हलवता येत नाही. विक्री झाली तर पैसे कोणाला आधी मिळावेत याचा क्रमही सागरी दाव्यांविषयीच्या २०१७ च्या कायद्याने ठरवून दिला आहे, आणि त्यात खलाशांचे थकलेले पगार सर्वांत वर आहेत, हे मला त्या कायद्यातले फार शहाणपणाचे कलम वाटते. ज्या जहाजाला लोक ‘बेवारस’ म्हणतात, त्याचे वारस पुष्कळदा पंधरा-वीस असतात. जबाबदारी घ्यायला मात्र त्यातले कोणीच पुढे येत नाही.

येथे पैशाचा हिशेब समजून घ्यावा, कारण सगळे घोडे तिथेच अडते. पहिल्या वर्षी जहाजाच्या लोखंडाची किंमत ते काढण्याच्या खर्चापेक्षा जास्त असते, म्हणून पुष्कळ जण पुढे येतात आणि मालकही घासाघीस करत बसतो. दर वर्षी पत्रा झिजतो. जिथे पाणी सतत असते तिथे कमी, आणि भरतीच्या रेषेच्या वर जिथे लाटांचे तुषार उडतात तिथे सर्वांत जास्त. पितळी पंखा, तांब्याच्या तारा आणि झडपा हा सोन्यासारखा भाग पहिल्या दोन पावसाळ्यांतच चोरीला जातो. उलट बाजूने वाळू चढते आणि कापण्याचा खर्च वाढत जातो. कधीतरी ही दोन गणिते एकमेकांना छेदतात, आणि त्या दिवसापासून जहाज ही मालमत्ता राहत नाही. ते ओझे होते. निविदा काढणाऱ्या कचेऱ्या बहुधा हा दिवस उलटून गेल्यावर जाग्या होतात आणि मग ‘कोणी बोलीदार आला नाही’ असा शेरा मारतात.

ग्रामपंचायतीने लिलाव करू नये, हे मी अगदी स्पष्टपणे सांगतो, आणि त्यामागे मालकीच्या प्रश्नाखेरीज आणखी दोन कारणे आहेत. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २१ नुसार परदेशी जहाजाचे अवशेष आणि त्यातून किनाऱ्यावर आलेला माल हा आयात केलेल्या मालासारखाच धरला जातो. म्हणजे भंगारवाल्याने रात्री नेलेला तांब्याच्या तारेचा वेटोळा हा चोरीचा माल तर असतोच, पण शुल्क न भरलेला आयातीचा मालही असतो. दुसरे कारण असे, की जहाज तोडणे हा आता कोणीही कुठेही करावा असा उद्योग राहिलेला नाही. २०१९ च्या जहाज पुनर्चक्रण कायद्यानंतर तोडणी परवाना असलेल्या ठिकाणीच व्हावी अशी व्यवस्था आहे, आणि पुळणीवर जागेवरच कापायचे झाले तर प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि किनारा नियमन यांच्या परवानग्या लागतात. जुन्या जहाजांत नळांभोवती अॅस्बेस्टॉस गुंडाळलेले असते, तळाच्या जुन्या रंगात शेवाळ आणि शिंपले मारणारी विषारी कथिलाची संयुगे असू शकतात, आणि इंजिनघराच्या तळाशी तेलमिश्रित पाणी साचलेले असते. हे सगळे कापताना वाळूवर पडते, आणि वाळूतून कालव-शिंपल्यांत जाते.

तेलाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. मालवाहू जहाजातही इंधन असते, आणि जड इंधन तेल थंड झाले की डांबरासारखे घट्ट होते. ते पंपाने सहजी उपसता येत नाही, आधी वाफेने किंवा गरम नळ्यांनी पातळ करावे लागते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली, तेव्हा ‘चित्रा’तून सुमारे आठशे टन तेल बाहेर आले, कंटेनर पाण्यात तरंगू लागले, काहींत कीटकनाशके होती, आणि कित्येक दिवस मुंबईत कोणी मासळी विकत घेईना. नंतर ते जहाज खोल समुद्रात नेऊन बुडवले गेले. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘राक कॅरियर’ साठ हजार टन कोळसा घेऊन मुंबईपासून वीस सागरी मैलांवर बुडाले. त्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये जहाजमालकांना शंभर कोटी आणि कोळसा मागवणाऱ्या कंपनीला पाच कोटी रुपये भरायला सांगितले. सांगायचा मुद्दा हा, की प्रदूषणाचा दावा हा असा एकमेव दावा आहे, ज्याला लवादासारखा वेगवान मंच उपलब्ध आहे. आपल्या जहाजातून तेल येत असेल, तर मालकीच्या वादाची वाट पाहू नये.

चोरट्यांबद्दल लिहिले आहे म्हणून एक प्रसंग सांगतो. एका खाडीच्या मुखाशी रुतलेल्या बार्जची तपासणी करायची होती. तळातल्या पाण्याच्या टाकीचे झाकण आम्ही उघडले; गेली काही वर्षे ते बंद होते. आत कोरडे होते, वास नव्हता, भिंतींवर बोटभर जाडीची गंजाची पापुद्रे सुटली होती. गॅस कटर चालवणाऱ्याचा एकोणीस-वीस वर्षांचा मदतनीस शिडीवर पाय टाकून खाली निघाला. मी त्याची कॉलर धरून त्याला वर ओढले आणि दोरीला बांधलेले मापक आत सोडले. झाकणाशी प्राणवायू एकवीस टक्के होता, दोन मीटर खाली तो सात टक्क्यांवर आला होता. सात टक्क्यांत माणूस काही श्वासांतच बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला उतरणारा दुसराही पडतो. लोखंड गंजते म्हणजे ते हवेतला प्राणवायू खाते, एवढे साधे रसायन आहे. बंद टाकीत तो परत भरून येत नाही. तो मुलगा माझ्यावर रागावला होता, कारण त्याला वाटले मी त्याला चोर समजलो. जहाजाच्या पोटात शिरणाऱ्या गावच्या पोरांना कायद्याची भीती घालण्यापेक्षा हे सांगणे अधिक उपयोगाचे आहे, आणि शक्य असेल तर झाकणांवर पांढऱ्या रंगाने मोठी खूण करावी.

रापणीचे नुकसान खरे आहे आणि ते मोजता येते. किनाऱ्याला समांतर बसलेले जहाज लाटा अडवते, म्हणून त्याच्या जमिनीकडच्या बाजूला वाळू साचून पुळण पुढे येते, आणि दोन्ही कडांना वाळू उकरली जाऊन खड्डे पडतात. आपल्याकडच्या पुळणी बहुधा दोन डोंगरी टोकांमध्ये अडकलेल्या असतात; वाळू बाहेरून फारशी येत नाही, ती आतल्या आत इकडून तिकडे जाते. म्हणजे एका ठिकाणी साचलेली वाळू दुसऱ्या ठिकाणाहून उचललेली असते. पावसाळ्यात पुळण खाली बसते आणि दिवाळीनंतर पुन्हा भरते हा नेहमीचा क्रम आहे, त्यामुळे जहाजामुळे झालेला बदल आणि ऋतूमुळे झालेला बदल वेगळे करायला किमान दोन वर्षांची नोंद लागते. रापण ओढणाऱ्यांनी तात्पुरता उपाय म्हणून जहाजाच्या दोन्ही अंगांना शंभर-दीडशे मीटर जागा सोडावी, कारण कापलेल्या पत्र्यांचे तुकडे वाळूखाली सरकत सरकत तेवढे लांब जातात, आणि ते जाळ्याआधी पायाला लागतात.

खाड्यांत कुजत पडलेल्या लाकडी मचव्यांचा आणि गलबतांचा प्रश्न याच्याशी लोक एकत्र करतात, पण तो अगदी वेगळा आहे. साग-ऐनाचे ते सांगाडे, ज्यांना कधीकाळी मुशीचे तेल आणि तळाला चुना-चरबी लागत असे, ते खाऱ्या पाण्यातला पोखरणारा किडा आपोआप संपवतो. त्यांचा मालक गावातलाच असतो आणि एका बैठकीत प्रश्न सुटतो. फक्त त्यातले इंजिन आणि डिझेलची टाकी आधी काढून घ्यावी. आणि कुठे वाळूतून फार जुने लाकूड, तोफ किंवा चिनी मातीची भांडी वर आली, तर त्यांना हात लावू नये. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. गोव्याजवळ सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांना मिळाले, ते पाण्याखाली बुडून नोंदी घेत शोधल्यामुळे. लोखंडाच्या भावाने विकले गेले असते तर त्यातले काहीच उरले नसते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. जहाजावरचे नाव खरवडले गेले असले तरी जहाजाचा आंतरराष्ट्रीय सात आकडी क्रमांक बहुधा मागच्या भागावर किंवा वरच्या बांधणीवर वेल्डिंगने उठवलेला असतो. रंग गेला तरी तो उठाव हाताला लागतो. मालक, झेंडा आणि विमा या तिन्हींचा शोध त्या एका क्रमांकावरून घेता येतो, म्हणून त्याचा जवळून फोटो काढून तो प्रत्येक अर्जाला जोडावा. तेलाचा तवंग दिसला तर त्याच दिवशी तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावे आणि कळवल्याची वेळ लिहून ठेवावी. ग्रामसभेचा ठराव करताना ‘जहाज हटवावे’ असे मोघम न लिहिता, रापणीचे किती दिवस बुडाले, किती जाळी फाटली, कोणत्या तारखेला तवंग दिसला, हे लिहावे. मोघम ठरावाला मोघम उत्तर मिळते.

आणि एक काम आजपासूनच सुरू करावे, त्याला खर्च काहीच नाही. पुळणीच्या एका टोकाला, खडपावर, हलणार नाही असा एक दगड निवडून त्यावर रंगाची खूण करावी, आणि दर अमावास्येला ओहोटीच्या वेळी त्याच दगडावर उभे राहून जहाजाचा एक फोटो काढावा. मागच्या भागावर पाण्याची खोली दाखवणारे पांढरे आकडे असतात. त्यातला सर्वांत खालचा कोणता आकडा वाळूच्या वर दिसतो, तो वहीत उतरवावा. मागे एका प्रकरणात मालकाचा वकील शपथेवर सांगत होता की जहाज वाळूत खचलेले नाही आणि ते केव्हाही ओढून नेता येईल. शाळेतल्या एका शिक्षकाने मुलांकडून ठेवलेली अशी चौदा महिन्यांची वही आम्ही न्यायालयात दाखल केली. पहिल्या पानावर तळाशी वीसचा आकडा होता, शेवटच्या पानावर अडतीसचा, म्हणजे अठरा डेसीमीटर (एक मीटर ऐंशी सेंटीमीटर) जहाज खाली गेले होते. पुढच्या तारखेला वकील आले नाहीत.